गालावरच्या लालीचा तपास

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

नवी डायरी. कंपनीने दिली. कव्हरवर आमच्याच खोकल्याच्या औषधाची जाहिरात, पण कागद बरा आहे. ठरवलं: रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं, खरं लिहायचं.

आज विशेष काही नाही. स्टोअरमध्ये माल वेळेवर आला. लेक उत्कर्षा कॉलेजला गेली. तिच्या गालांवर लाली आली आहे. दोन्ही गालांवर, थोडी नाकावरही. सध्या कसलंसं सनस्क्रीन लावते, त्याची रिॲक्शन. दुसरं काय असणार?

४ फेब्रुवारी, मंगळवार

काल एक गोष्ट लिहायची राहिली. एकदा लिहून टाकली की डोक्यात फिरत नाही, म्हणून लिहितो. वर्षाराणीला, म्हणजे माझ्या बायकोला, ल्युपस होता, शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार. शेवटी किडन्या गेल्या. येत्या जूनमध्ये चार वर्षं होतील. तिच्याही गालांवर लाली असायची. पण ती आजाराची होती. ही क्रीमची आहे. दोन्हींचा आकार सारखा दिसतो, कारण माणसाला गाल दोन आणि नाक मध्ये असतं.

विषय संपला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. साप्ताहिक सुट्टी

सकाळी भिंग घेऊन ट्यूब वाचली. नावं लांबलचक: ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, टायटॅनियम डायऑक्साइड. दुसरा बाप घाबरला असता. मी तेवीस वर्षं गोळ्यांच्या कंपनीत स्टोअर्स सांभाळतो आहे. नावांना मी घाबरत नाही.

टायटॅनियम तर आमच्याकडे बॅगांनी येतं. पांढरी पूड. तिच्या सेफ्टी शीटवर काय लिहिलंय ते पाठ आहे: धूळ श्वासात जाऊ देऊ नये, मास्क वापरावा, हातमोजे घालावेत, त्वचेशी संपर्क आल्यास भरपूर पाण्याने धुवावे. आमचे लोडर हातमोज्यांशिवाय त्या बॅगेला हात लावत नाहीत आणि माझी मुलगी तेच रोज तोंडाला चोळते. धूत तर नाहीच!

आमच्याकडे नियम साधा आहे. माल आला की त्याला पिवळं लेबल लागतं, म्हणजे तपासणी बाकी. क्यूसीने पास केल्याशिवाय एक कणही आत जात नाही. घरात हा नियम इतकी वर्षं का नव्हता, याचंच आश्चर्य वाटलं. खिशात पिवळं लेबल होतंच. ट्यूबवर चिकटवलं. तारीख टाकली, सही केली, ट्यूब माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

संध्याकाळी उत्कर्षाने विचारलं, पप्पा, माझी ट्यूब कुठाय? म्हणालो, क्वारंटाइनमध्ये. ती म्हणाली, कधी सुटणार? म्हणालो, रिपोर्ट आल्यावर. ती हसली. मग बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली.

पाणी जपून वापरायला सांगितलं पाहिजे.

१० फेब्रुवारी, सोमवार

क्यूसीतल्या प्रफुल्लला सगळं सांगितलं. वाटलं होतं, पोरगा चकित होईल. तो म्हणाला, साहेब, तुमच्या बीपीच्या गोळीवर ते पांढरं गुळगुळीत कव्हर आहे ना, त्यात काय असतं? टायटॅनियमच. चार वर्षं रोज गिळताय. धुता का नंतर?

सगळे हसले. मीही हसलो.

मग तो जरा नीट बोलला. म्हणे, शीट आहे ती पुडीची. पूड उडते, छातीत जाते, म्हणून मास्क. क्रीममध्ये ती उडत नाही, कातडीवर बसते. ऑक्सिबेन्झोन थोडं रक्तात उतरतं हे खरं, त्याने काय होतं यावर अजून काम चालू आहे. भीती वाटत असेल तर नुसतं झिंकवालं घ्या. आणि साहेब, ती लाली एकदा दाखवा ना स्किनवाल्याला.

म्हणालो, क्रीम बंद केलीय, आठवड्यात जाईल.

तो म्हणाला, आणि नाही गेली तर?

त्याच वेळी मला गेटवर ट्रक आल्याचं आठवलं. गेलो. ट्रक नव्हता.

बीपीची गोळी आज घेतली नाही. विसरलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी घरी आलो तर पश्चिमेच्या खिडकीला पडदा. जुना, जाड, तपकिरी. खोलीत तोच अंधार, पाण्यात चहापत्ती टाकल्यासारखा. मी चप्पल काढून हातात घेतली आणि दारातच उभा राहिलो. आत वर्षाराणी झोपली आहे, आवाज नको.

म्हणजे तसं वाटलं नाही. सवयीने हात थांबला, इतकंच.

शेवटची दोन वर्षं ती पडद्यामागे राहिली. ऊन लागलं की अंग भरून यायचं, सांधे सुजायचे, आठवडा जायचा. पाम गावाकडची ही इमारत, पश्चिमेला एकही घर आड येत नाही, दुपारभर ऊन नुसतं ओततं. फ्लॅट घेताना याच उजेडासाठी घेतला होता. ती गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळे पडदे उतरवून माळ्यावर टाकले. ठरवलं, या घरात ऊन आलंच पाहिजे.

उत्कर्षाला विचारलं, हा का लावलास? म्हणाली, अभ्यासाच्या टेबलावर चकाकी येते. म्हणालो, टेबल फिरव. पडदा काढून घडी केली. त्यातून अजून वास येतो. कापराचा. दुसरा कसला नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी उठलो तर पडदा परत जागेवर. मी काढला. दुपारी झोपून उठलो, परत जागेवर.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दोष पडद्याचा नाही, ऊन कमी पडल्याचा आहे. पोरगी फिकट झाली आहे. थकते. जिने चढताना मध्ये थांबते. उघडच आहे, व्हिटॅमिन डी. वर्तमानपत्रातही आलं होतं.

ठरवलं: रोज सकाळी गच्चीवर अर्धा तास ऊन. क्रीमशिवाय. पूर्वीचे लोक क्रीम लावत होते का?

२० फेब्रुवारी, गुरुवार

गच्चीचा कार्यक्रम चालू. उत्कर्षा येते, वाद घालत नाही, हा तिचा गुण. फक्त एक खोड आहे. ती पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसते. सावली सरकली की तीही सरकते. वर ओढणी डोक्यापासून नाकापर्यंत. म्हणालो, अगं उन्हात बस. म्हणाली, पप्पा, उन्हातच आलेय की, सावली टाकीची आहे, ती माझ्यामागे येते त्याला मी काय करू?

शेजारच्या हंसाताई कपडे वाळत घालत होत्या. त्यांचं माहेर तारापूरच्या किनाऱ्यावर. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, भाऊ, तुमी पोरीला वाळत घातलाव काय? आमी बोंबील घालतो तशी? आमी तरी मधी उलटतो, तुमी उलटत पन नाय!

उत्कर्षा इतकी हसली की ओढणी सुटली. उन्हात तिचा चेहरा पहिल्यांदा नीट दिसला.

मी टाकीची पाण्याची पातळी बघायला गेलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कंपनीच्या बसमधून येताना नाक्यावर वर्षाराणी दिसली. काळी छत्री, खांदे थोडे पुढे, रस्त्याच्या कडेने भिंतीला धरून चालणं. मी सीटवरून उठलो, ड्रायव्हरला रोको म्हणालो. शेजारचा म्हणाला, क्या हुआ साब, स्टॉप तो आगे है.

बस जवळ गेल्यावर छत्री वळली. उत्कर्षा.

चष्म्याचा नंबर वाढला असावा.

२६ फेब्रुवारी, बुधवार

चष्मा तपासला. नंबर तोच आहे म्हणतो. या दुकानदाराचं मशीन जुनं आहे.

क्रीमच्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. एका मुलीने गोड आवाजात विचारलं, सर, आपने पॅच टेस्ट किया था? म्हणालो, करतो. माझ्या डाव्या हातावर कोपराच्या आत थोडी क्रीम लावली. ट्यूब उघडली तसा तिचा वास आला. वर्षाराणीच्या क्रीमला असाच वास होता. सगळ्या क्रीमला एकच वास घालतात, स्वस्तात पडतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

हातावर काही नाही. पुरळ नाही, लाली नाही, उलट तेवढी जागा मऊ झाली आहे. निष्कर्ष: माझी कातडी कंपनीत राहून राहून निब्बर झाली आहे, सॅम्पल म्हणून बाद.

३ मार्च, सोमवार

क्रीम बंद होऊन तीन आठवडे झाले. लाली गेलेली नाही.

क्रीम अंगात साठली असेल.

आज या विचाराने जेवण गेलं नाही. उत्कर्षाने विचारलं, पप्पा, भाजी खारट झालीय का? म्हणालो, हो. तिने चाखून बघितली. पाणी प्यायली. वर्षाराणीसारखी बघते हल्ली. समोरच्याचं खोटं आपणच गिळायचं आणि पाणी प्यायचं.

५ मार्च, बुधवार

सापडलं!

रोज सकाळी उत्कर्षा हंसाताईंकडे विरजण आणायला जाते. आमच्या घरी दही कोणी खात नाही. हे माझ्या आज लक्षात आलं. तिच्या कानाच्या पुढे पांढरा पट्टा होता, नीट न पसरलेला. म्हणालो, हे काय? म्हणाली, पावडर. मी स्टोअर्सचा माणूस. पावडर आणि क्रीम मला कळते.

ती कॉलेजला गेल्यावर हंसाताईंच्या दारात गेलो. ट्यूब त्यांच्या आरशापाशी उभी होती. तीच कंपनी, अर्धी संपलेली. म्हणजे क्रीम बंद झालीच नव्हती! म्हणून लाली गेली नाही! मला इतकं हलकं वाटलं की दारातच हसू आलं. किती दिवस छातीवर काय बसलं होतं ते मलाच माहीत.

ट्यूब घेतली. हंसाताई आधी चिडल्या. भाऊ, ती पोरीची हाय, तुमी नका नेऊ. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, तुमी एकदा बसा तिच्याजवळ. बोला तिच्याशी. मी नाय सांगनार, मला तिनं शपथ घातलीय.

म्हणालो, आम्ही रोज बोलतो.

दुसरं पिवळं लेबल. सही. कपाट.

आज झोप चांगली लागेल.

१० मार्च, सोमवार

उत्कर्षाने ट्यूब परत मागितली नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घालते. हातमोजे घालते. दुपारची बाहेर पडत नाही. मुलींच्या फॅशनी.

लाली थोडी कमी वाटली. सकाळच्या उजेडात. संध्याकाळी बघितलं नाही.

१७ मार्च, सोमवार

ठरवलं: येत्या शुक्रवारी केळवे. दोघंच. समुद्र, वारा, ऊन, मोकळी हवा. चार वर्षांत कुठे गेलो नाही. वर्षाराणीला समुद्र फार आवडायचा. तिला घेऊन जायचं राहिलं, कारण ऊन. उत्कर्षाला तसं काही नाही, तर कशाला थांबायचं?

तिला सांगितलं. ती म्हणाली, संध्याकाळी जाऊया? पाचनंतर? म्हणालो, संध्याकाळी काय अंधार बघायचा? ती म्हणाली, शुक्रवारी कॉलेज आहे. म्हणालो, एक दिवस बुडव. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, किती खूश दिसताय पप्पा. बरं, जाऊ.

२१ मार्च, शुक्रवार. केळवे

चार वर्षांतला सगळ्यात चांगला दिवस. आधीच लिहून ठेवतो.

शुक्रवार असल्याने मुंबईची गर्दी नाही. सकाळी दहाला पोहोचलो. उत्कर्षाने सुरूच्या झाडांखाली चटई टाकली आणि बसली. मी पाण्यात गेलो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. लाट आली, पँट भिजली, मी ओरडलो. तिकडून ती हसताना दिसली. हाक मारली, ये. तिने मान हलवली. परत हाक मारली. ती छत्री उघडून आली, वाऱ्याने छत्री उलटी झाली, दोन काड्या मोडल्या. म्हणालो, सोड ती छत्री, म्हातारीसारखी. तिने छत्री मिटून वाळूत खोचली आणि माझ्या शेजारी पाण्यात येऊन उभी राहिली.

बराच वेळ होतो. मग भुर्जी-पाव, मग परत पाणी. दुपारी वाळू तापली होती. तिने एकदा विचारलं, पप्पा, आता सावलीत बसूया का? म्हणालो, पाच मिनिटं. मी तिला वर्षाराणीच्या गमती सांगत होतो, लग्नाआधीच्या. आईचं नाव काढून मी हसतोय हे तिने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. ती ऐकत राहिली.

चारच्या एसटीने परत. बसमध्ये ती खांद्यावर डोकं ठेवून झोपली. अंग तापलेलं होतं. उन्हाचं.

२२ मार्च, शनिवार

उत्कर्षा उठली नाही. प्रवासाचा थकवा.

२४ मार्च, सोमवार

ताप आहे. एकशे एक. समुद्राचा वारा बाधला.

गाल जांभळट लाल. खारं पाणी.

बोटं सुजली आहेत. पाण्याची बाटली तिने माझ्याकडे दिली, झाकण उघडून द्या म्हणून. वर्षाराणीही अशीच द्यायची, न बोलता, बाटली पुढे करून. मी उघडून दिलं. हल्ली झाकणं घट्ट बसवतात. मशीनने बसवतात ना.

झाकण माझ्या हातातच राहिलं. रात्रभर शर्टाच्या खिशात होतं.

२६ मार्च, बुधवार

कामावर गेलो नाही. पडदा लावला. मीच लावला. ताप असला की डोळ्यांवर उजेड नको, एवढ्यासाठीच.

ठरवलं: परवा पालघरला त्वचेच्या डॉक्टरकडे न्यायचं. हंसाताईंनी नाव सांगितलं, डॉ. मोनाली सावे. दोन्ही ट्यूब, सेफ्टी शीट, माझी पॅच टेस्ट, सगळं घेऊन जायचं. क्रीमवर काय ते लेखी मागायचं. कंपनीवर केस करायची.

उत्कर्षाला सांगितलं. ती म्हणाली, चालेल पप्पा. मीही तेच म्हणणार होते, की तिथे जाऊया.

आश्चर्य. पोरगी पहिल्यांदा माझ्या बाजूने झाली.

२८ मार्च, शुक्रवार. रात्री

क्रमाने लिहितो.

रिक्षाने गेलो. दवाखान्यात नाव सांगायच्या आधीच काउंटरवरच्या बाईंनी तिला आत पाठवलं. डॉक्टर चाळिशीच्या असतील. मान वर करून म्हणाल्या, उत्कर्षा? अगं तुझी तारीख तर पुढच्या महिन्यात आहे. काय झालं? बोटं बघू.

मी म्हणालो, डॉक्टर, आधी माझं ऐका. त्यांनी ऐकलं. सगळं. मी फाइल उघडली, शीट दाखवली, टायटॅनियमचं सांगितलं, ऑक्सिबेन्झोनचं सांगितलं, दोन्ही ट्यूब टेबलावर उभ्या केल्या. त्यांनी पिवळी लेबलं वाचली. विचारलं, या ट्यूब तुमच्याकडे कधीपासून आहेत? मी तारखा सांगितल्या. चांगल्या मोठ्याने सांगितल्या.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

म्हणाल्या, ही क्रीम मीच दिलेली आहे. डिसेंबरात. हिला ल्युपस आहे, तुम्हाला माहीत नाही?

मी फाइल बंद केली. परत उघडली. त्यात काहीतरी शोधत होतो, काय ते आठवत नाही.

त्या हळूहळू बोलत होत्या. लवकर सापडलंय. किडन्या डिसेंबरात चांगल्या होत्या, आता परत तपासू. हिच्या आईचं उशिरा कळलं होतं, तसं हे नाही, दरवेळी तसंच होतं असंही नाही. गोळी चालू आहे. पण गोळीइतकंच हेही औषध, म्हणत त्यांनी ट्यूबवर बोट ठेवलं. दोन बोटं भरून, चेहरा आणि मान, बाहेर असेल तर दर दोन तासांनी. दुपारचं ऊन टाळायचं. व्हिटॅमिन डी गोळीतून मिळतं, गच्चीतून नाही.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुमचे प्रश्न वेडे नाहीत. काही घटक रक्तात उतरतात, त्याचा अभ्यास चालू आहे. नको असेल तर झिंकवालं लिहून देते, ते कातडीवरच बसतं. पण तुम्ही ज्या धोक्याची चौकशी करत होतात तो असेल किंवा नसेल. उन्हाचा हिला आहेच. तुम्ही बसा सकाळच्या उन्हात, तुमचं काही बिघडत नाही.

मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेर बाकावर उत्कर्षाला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती सुजलेल्या बोटांनी ओढणीचं टोक गुंडाळत होती. म्हणाली, आई गेल्यावर तुम्ही वर्षभर कोणाशी धड बोलला नाहीत, पप्पा. मला वाटलं, आधी मी जरा बरी होते, मग सांगते. हंसाकाकू न्यायची मला.

म्हणालो, आणि केळव्याला? तुला माहीत होतं. तू पाण्यात का आलीस?

ती म्हणाली, तुम्ही हसत होता.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली नाही. हंसाताईंनी त्यांच्या गुढीच्या साखरेच्या माळेतला तुकडा आणून दिला. म्हणाल्या, भाऊ, खावा. तोंड कडू करून काय व्हायचं हाय?

उद्या लघवी-रक्ताचे रिपोर्ट.

ट्यूबवरची लेबलं सोलून काढायला बसलो. गोंद निघत नाही. आमचे लेबलवाले चांगला गोंद वापरतात.

३१ मार्च, सोमवार

किडन्या ठीक.

फोनवर डॉक्टरांना तीनदा विचारलं. त्यांनी तीनदा सांगितलं.

स्टोअरमध्ये गेलो. प्रफुल्लने विचारलं, साहेब, लाली गेली का मुलीची? म्हणालो, तिला ल्युपस आहे. मोठ्याने म्हणालो. बॅगांच्या दोन ओळींमध्ये ते फिरून परत माझ्याकडे आलं. प्रफुल्लने खुर्ची पुढे केली. वर्षाराणीच्या वेळी मी कंपनीत हा शब्द कधी काढला नव्हता. बायकोची तब्येत बरी नसते, एवढंच सांगायचो. मला वाटतं ती घरी पडद्यामागे आणि मी इथे बॅगांमागे, आम्ही दोघं दोन वर्षं लपूनच होतो.

हे कशाला लिहिलं कोण जाणे.

५ एप्रिल, शनिवार

ताप नाही. बोटं उतरली. ती सकाळी आरशासमोर क्रीम लावते तेव्हा मी मुद्दाम पेपर वाचतो. आज म्हणाली, पप्पा, बघितलंत तरी चालेल, पूड उडत नाही.

अजूनही तिच्याकडे पाठमोरं बघवत नाही. पाठमोरी ती तिची आई असते. वळली की उत्कर्षा होते. दरवेळी वळेपर्यंत थांबतो.

९ एप्रिल, बुधवार

डॉक्टर म्हणाल्या होत्या, त्या गोळीमुळे डोळ्यांची तपासणी ठरलेल्या मुदतीने करावी लागते, पहिली आता करून घ्या. शुक्रवारी पालघर. उत्कर्षा म्हणाली, डोळ्यांत थेंब घालतात, मग दोन-तीन तास धड दिसत नाही आणि उजेड टोचतो. हंसाकाकूला त्या दिवशी माहेरी जायचंय. तुम्ही येता का?

सुट्टी असूनही विचारलं. येता का म्हणून.

ठरवलं: सगळं नीट आखायचं. टोपी, ओढणी, पूर्ण बाह्या, झिंकवाली क्रीम निघताना आणि मध्ये एकदा. काळा चष्मा. दवाखान्यातून एसटी स्टँड चालत दहा मिनिटं. रस्त्याच्या उन्हाकडच्या बाजूला मी राहायचं, आतल्या बाजूला ती. म्हणजे माझी सावली पूर्ण वेळ तिच्यावर. मी उंच आहे, रुंदही आहे. पहिल्यांदा कुठेतरी उपयोग होईल.

११ एप्रिल, शुक्रवार

डोळे चांगले आहेत. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आता वर्षाने या. त्यांना वर्षभराने असंच म्हणायचं होतं, पण ऐकताना मला मध्येच बायकोचं नाव ऐकू आलं आणि मी हो म्हणालो.

बाहेर आलो तेव्हा ऊन पांढरंफटक. उत्कर्षाने काळ्या चष्म्याआड डोळे घट्ट मिटले, माझा दंड धरला. तिने असा दंड धरल्याला किती वर्षं झाली, मोजली नाहीत. मी ठरल्याप्रमाणे उन्हाच्या बाजूला गेलो. छाती काढून चाललो. जरा चाललो आणि बाजू बदलली, कारण ऊन त्या बाजूला नव्हतं. परत बदलली. तिसऱ्यांदा तिला फिरवलं तेव्हा ती थांबली. म्हणाली, पप्पा, काय करताय?

म्हणालो, तुझ्यावर सावली धरतोय.

ती डोळे मिटूनच हसली. म्हणाली, भर दुपार आहे पप्पा. तुमची सावली तुमच्याच पायाखाली आहे. रिक्षा बोलवा.

बोलावली.